पाव इंचाची माया

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून एक वाक्य वारंवार कानीं पडतें: "हा नमुना अगदीं सोपा आहे, नवशिक्यालाहि एका दुपारींत साधतो." बोलणाराच्या हातीं बहुधा रंगीत कापडाचा एक चौकोन असतो. मधोमध लहानसा तांबडा तुकडा, आणि त्याच्या भोंवतीं वेढ्यावर वेढे घालीत गेलेल्या फिक्या व गडद पट्ट्या. अमेरिकेंत या नमुन्यास 'लॉग कॅबिन', म्हणजे ओंडक्यांची झोंपडी, असें म्हणतात. भिंत उभारतांना ओंडक्यावर ओंडका रचावा तशा या पट्ट्या दिसतात. असे अनेक चौकोन जोडून तिकडील गोधडी, म्हणजे क्विल्ट, तयार होते. त्यांतील एका चौकोनास तिकडे ब्लॉक म्हणतात. आम्ही येथें त्यास चौक म्हणूं.

नमुना सोपा कीं कठिण, एवढाच वाद असता तर त्यापायीं या मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु 'सोपें' या शब्दाच्या आडून नवशिक्याच्या हातून एक मोलाची वस्तु काढून घेतली जात आहे, आणि ती गेल्याचें त्याला कळतहि नाहीं, अशी आमची खात्री झाली आहे. ती खात्री कशी झाली हें आधीं सांगतों.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या एका स्नेह्याच्या घरीं त्याच्या पत्नीनें एक तयार पेटी विकत आणविली होती. पेटींत मधला तुकडा व बारा पट्ट्या यंत्रानें कापून, इस्त्री करून, प्रत्येकीवर आंकडा चिकटवून ठेविलेल्या होत्या. आंकड्यांच्या क्रमानें शिवण मारीत गेलें कीं चौक तयार. दुपारीं दोनास बसलेल्या वहिनी चहाच्या वेळेस चौक हातांत घेऊन उठल्या. चौक खरोखरच सुबक होता, आणि आम्हींहि तो मनापासून वाखाणला. मग सहज विचारलें, "वहिनी, पांचवी पट्टी चौथीएवढीच लांब, आणि सहावी मात्र एक इंच मोठी, असें कां?" त्या हंसून म्हणाल्या, "अहो, त्यांवर आंकडे होते, म्हणून लावीत गेलें." उत्तर प्रामाणिक होतें. पुढें दोन महिन्यांनीं त्यांनीं आपल्या आईच्या दोन जीर्ण लुगड्यांचा तसाच चौक करावयास घेतला. पट्ट्या वांकड्या कापल्या गेल्या, कोपरे जुळेनात, तिसऱ्या वेढ्यापर्यंत चौकोनाचा पतंग झाला. त्यांनीं सारें गाठोडें कपाटाच्या तळाशीं टाकलें आणि आम्हांस सांगितलें, "पहिलें जमलें तें पेटीचें होतें. माझ्या हातांत हें नाहीं."

हें शेवटचें वाक्य आम्हांस विसरतां येत नाहीं. शिकणाराच्या वाट्याला चुका येतातच. परंतु त्या आधीं याव्या आणि यश मागून यावें, हा विद्येचा क्रम आहे. पेटीनें हा क्रम उलटा केला. यश आधीं देऊन टाकलें, आणि चुका मागें ठेविल्या. त्यामुळें जी चूक एरवीं शिक्षणाची पहिली पायरी ठरली असती, तीच त्या बाईंना आपल्या हातांविरुद्ध लागलेला निकाल वाटली. आधीं कळस मग पाया म्हणतात तें याहून निराळें काय? पेटी विकणाराचा यांत तोटा नाहीं. कारण ज्याला स्वतःच्या हाताचा भरंवसा नाहीं तो दुसरी पेटी घेतो.

आतां हा चौक मुळांत कसा बनतो तें पाहूं; म्हणजे पेटीनें काय लपविलें तें दिसेल. मधला तुकडा अडीच इंचांचा चौरस. पट्ट्या सर्व दीड इंच रुंद. पहिली पट्टी मधल्या तुकड्याएवढी, म्हणजे अडीच इंच लांब. ती शिवून उलगडली कीं एक बाजू साडेतीन इंचांची होते. म्हणून दुसरी पट्टी साडेतीन. तिसरी पट्टी अजून न झांकलेल्या बाजूवर बसते, तीहि साडेतीनच. आणि चौथी वेढा पुरा करते, ती साडेचार. पहिल्या वेढ्याअखेर सर्व बाजू साडेचार इंचांच्या होतात. म्हणून पांचवी पट्टी चौथीएवढीच, आणि तेथून पुन्हां तोच क्रम. तीन वेढ्यांत बारा पट्ट्या लागतात व चौक साडेआठ इंचांचा होतो. शेजारच्या चौकांस जोडला कीं त्याचे आठ इंच डोळ्यांस दिसतात. लागोपाठच्या दोन बाजूंना फिकें कापड व उरलेल्या दोन बाजूंना गडद कापड लाविलें कीं चौक कर्णरेषेवर दुभंगून अर्धा उन्हांत व अर्धा सावलींत उभा राहतो. एवढीच युक्ति, परंतु या एका युक्तींतून पुढें किती तऱ्हा निघतात! चौक फिरवून मांडले कीं एकांत एक शंकरपाळे उमटतात, त्यास 'बार्न रेझिंग', म्हणजे कोठाराची उभारणी, म्हणतात. दुसऱ्या रीतीनें मांडले कीं शेतांतील नांगराच्या तासांसारखे तिरपे पट्टे दिसतात. तें 'स्ट्रेट फरो'. पट्ट्या वेढ्यानें न लावतां समोरासमोरच्या बाजूंना जोडीनें लाविल्या कीं 'कोर्टहाउस स्टेप्स', म्हणजे कचेरीच्या पायऱ्या. चौक तोच, कापड तेंच. फरक केवळ मांडणीचा.

हें गणित कागदावर इतकें सरळ आहे कीं आम्हांसहि गर्व झाला, आणि आम्हीं स्वतः कातर हातीं घेतली. एक जुनें धोतर, एक विटलेली निळी चादर आणि मध्यें लावावयास फाटक्या पोलक्याचा तांबडा तुकडा, एवढी सामग्री. पट्ट्या मोजून कापल्या, क्रमानें शिवल्या, आणि शेवटीं मोजपट्टी लाविली तों चौक साडेआठांऐवजीं पावणेआठ इंच भरला! पाऊण इंच कोठें गेला? नाचतां येईना अंगण वांकडें या न्यायानें आम्हीं प्रथम मोजपट्टीस दोष दिला, मग धोतरास. वस्तुतः दोष शिवणीचा होता. या कामांत शिवणीबाहेर पाव इंच कापड सोडावें लागतें. आमच्या हातून तें दर वेळीं पाव इंचाहून एक सोळांश इंचानें अधिक सुटत होतें. एक सोळांश म्हणजे जाड रेघेएवढा फरक. परंतु शिवणींत दोन कापडें असतात, तेव्हां प्रत्येक शिवणींत एक अष्टमांश गेला. आणि चौकाच्या रुंदींत शिवणी सहा. सहा अष्टमांश म्हणजेच पाऊण इंच. असेच चौक आठ ओळींत आठ-आठ बसविले असते, तर चौसष्ट इंचांची गोधडी अठ्ठावन्न इंचांची झाली असती. एका रेघेएवढ्या चुकीनें माणसाचे पाय पांघरुणाबाहेर पडले असते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. दुसऱ्या पट्टीपासून प्रत्येक पट्टी थोडी लांब पडत होती, आणि आम्ही ती कडेला निमूटपणें छाटून टाकीत होतों. चूक पहिल्या क्षणापासून आम्हांस हांक मारून सांगत होती, आणि आम्ही तिचें तोंड कातरीत होतों. हें समजल्यावर सारा चौक उसवावा लागला. शिवावयास दीड तास लागला होता. उसवावयास त्याहून अधिक. पण खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं आम्ही जें शिकलों तें उसवतांना शिकलों. टांका किती दाट घातला आहे, कापड कोठें ताणलें गेलें, उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी कशी सरळ राहते आणि उरेब कापलेली कशी वळवळते, इस्त्री फिरविली तर पट्टी लांबते व नुसती दाबून उचलली तर जागच्या जागीं बसते, हें सारें उसवलेल्या कापडावर अक्षरासारखें लिहिलेलें होतें. पेटींतून हें अक्षर अगोदरच पुसून टाकलेलें असतें.

आमचे शिंपी शिवणीसाठीं सोडलेल्या या कापडास 'माया' म्हणतात. माया ठेवली नाहीं तर शिवण उलते. माया अधिक झाली तर अंगरखा अंगाला होत नाहीं. ती बाहेरून कोणास दिसत नाहीं, पण सारा पोशाख तिच्यावर उभा असतो. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला त्याला आमचा नमस्कार. लॉग कॅबिनचा चौक नवशिक्यास योग्य आहे तो सोपा आहे म्हणून नव्हे. तो सारख्या पाव इंचाची ही माया बारा वेळां मागतो, आणि एकदांहि फसवूं देत नाहीं म्हणून. शिकवणारा कठोर असावा व पाठ लहान असावा. या चौकांत दोन्ही गुण आहेत.

यावर कोणी म्हणेल, "तुम्ही जुन्या काळचे, तुम्हांस यंत्र नको, वेग नको." हा आरोप आम्हांस लागू पडत नाहीं. शिवणयंत्रानें क्विल्ट शिवणें ही कांहीं कालची गोष्ट नाहीं; एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन घरांत यंत्र आलें आणि स्त्रियांनीं तें आनंदानें या कामास लाविलें. १९७८ सालीं एलेनॉर बर्न्स यांनीं एका दिवसांत क्विल्ट करण्याची रीत सांगणारें पुस्तक काढलें तें याच लॉग कॅबिनवर. १९७९ सालीं जपानच्या ओल्फा कंपनीनें फिरत्या पात्याची सुरी बाजारांत आणली, आणि जें कापावयास संध्याकाळ लागे तें घटकेंत होऊं लागलें. चौसष्ट चौकांच्या गोधडीस सातशें अडुसष्ट पट्ट्या लागतात. त्या सर्व कातरीनेंच कापाव्या असा हट्ट आम्ही कशास धरूं? परंतु ती सुरी धरणारा हात, पट्टीचें माप ठरविणारें डोकें, आणि चुकलें तर उसवणारा जीव हीं ज्याचीं त्याचींच असतात. अवजार हाताचें बळ वाढवितें. पेटी हाताची गरजच नाहींशी करते. या दोहोंतील भेद ज्यांना दिसत नाहीं त्यांनीं कृपा करून आम्हांस जुनाट म्हणूं नये.

आमचा दुसरा आक्षेप कापडाविषयीं आहे. हल्लीं या कामासाठीं नवें कोरें कापड विकत घेतात, तें लहान-लहान कापतात, आणि मग पुन्हां जोडतात. धडकें कापड फाडून त्याचें ठिगळ करावें आणि त्यास काटकसरीची कला म्हणावें, ही विसंगति कोणाच्या ध्यानांत कशी येत नाहीं? त्याच वेळीं घरांतील जुनीं वस्त्रें कोठें जातात तें वाचकांस विदित आहेच. या बाबतींत आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवूं इच्छीत नाहीं. पाप आमच्या पदरीं आहे. आमच्या आजीनें शिवलेली एक गोधडी होती. वरून आजोबांच्या धोतराचे व तिच्या स्वतःच्या लुगड्यांचे तुकडे, आंत आणखी जुनीं लुगडीं, आणि सर्वांवरून दाट धावदोरा. ती आजी गेल्यावर कांहीं वर्षांनीं आम्हीं दारावर आलेल्या बोहारणीस दिली, आणि बदल्यांत एक पातेलें घेतलें. वर दोन जुन्या विजारी घालाव्या लागल्या. नुसत्या गोधडीवर ती पातेलें द्यावयास तयार नव्हती. पातेलें अजून आहे. त्यांत दूध तापतें. पण त्या गोधडींत कोणतें लुगडें कोणत्या वर्षाचें हें सांगणारें कोणी उरलें नाहीं, आणि आम्हीं तें विचारून ठेविलें नाहीं.

जुन्या कापडाचा आग्रह आम्ही केवळ आठवणींसाठीं धरीत नाहीं. त्यांत व्यवहाराचीहि एक गोष्ट आहे. जीर्ण लुगडें मऊ असतें, तें कातरीखालीं सरकतें, शिवतांना ताणतें. वहिनींचा चौक बिघडला तो याचमुळें. पेटींतील कापड नवें व ताठ होतें, म्हणून त्यांना ही अडचण कधीं भेटलीच नाहीं. आणि जी अडचण भेटली नाहीं तिचा उपाय त्यांना कोण सांगणार? उपाय मात्र जुना आहे. एकोणिसाव्या शतकांतील लॉग कॅबिन बहुधा एखाद्या साध्या कापडाच्या अस्तरावर शिवीत. अस्तरावर मधोमध तुकडा ठेवावयाचा आणि पट्ट्या त्या अस्तरासकट शिवीत जावयाच्या. म्हणजे रेशीम असो, लोकर असो वा झिजलेलें सुती असो, ताण अस्तर सोसतें आणि वरची पट्टी सरळ राहते. अशी गोधडी जाड होते, म्हणून तींत बारीक धावदोरा घालण्याऐवजीं जागोजागीं गांठी मारून थर एकत्र बांधीत. ज्यांना जुनेंच कापड वापरणें भाग होतें त्यांनीं जुन्या कापडाची तोड शोधून काढली होती. आम्हीं नवें कापड घेतलें आणि ती तोड विसरलों.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका समजत नाहीं. "त्या बायकांनीं चिंध्या जोडल्या त्या गरिबीनें. तुम्हांआम्हांस कपाट भरून कापड आहे. दुसऱ्याच्या दारिद्र्याचें आपण कौतुक करणें हें ढोंग नव्हे काय?" होय, ढोंग होऊं शकतें, आणि गरजेंत कांहीं पुण्य नाहीं हें आम्हांस मान्य आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत नदीच्या वळणावर जीज बेंड नांवाचें खेडें आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया एके काळीं त्याच जागीं गुलाम म्हणून राबलेल्यांच्या वंशांतील. त्या लॉग कॅबिनच्या जातीचाच एक नमुना शिवतात, त्यास 'हाउसटॉप', म्हणजे घराचें छप्पर, म्हणतात. शेतांत झिजलेल्या विजारी, पिठाचीं पोतीं, जें हातीं येईल तें त्यांनीं वापरलें. १९६२ सालीं, तेथील लोक मतदानाचा हक्क मागूं लागले त्या सुमारास, नदीवरील होडी बंद करण्यांत आली. ती पुन्हां सुरू व्हावयास २००६ साल उजाडलें. १९६६ सालीं त्या भागांतील स्त्रियांनीं 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली, आणि १९७२ साली सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचें काम मिळालें तेव्हां उरलेलें नवें कॉर्डरॉय त्यांनीं आपल्या घरच्या गोधड्यांत आनंदानें घातलें. म्हणजे नवें मिळालें तेव्हां त्यांनीं नवें नाकारलें नाहीं. चिंधी पवित्र आणि नवें कापड अपवित्र, असें सोंवळें त्यांच्याकडे नव्हतें.

मग जुन्या कापडाचें मोल कशांत? तेथीलच मिझूरी पेटवे या बाईनें १९४२ सालीं पतीच्या निधनानंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी, आणि त्या कपड्यांखालीं निजतां यावें, एवढाच हेतु तिच्या मुलीनें पुढें सांगितला आहे. हेंहि गरिबीनेंच झालें काय? गरिबीनें कापडाची निवड मर्यादित केली असेल. पण कोणतें कापड घ्यावयाचें आणि तें कोठें लावावयाचें हें त्या बाईनें ठरविलें. ठरविणें हीच त्यांतील कारागिरी होती. पेटी विकत घेणाराच्या वाट्याला नेमकें तेंच येत नाहीं. तेव्हां दारिद्र्याचें अनुकरण करा असें आम्ही म्हणत नाहीं. त्या स्त्रियांनीं जें दारिद्र्यांतहि सोडलें नाहीं तें तुम्ही समृद्धींत सोडूं नका, एवढेंच म्हणतों.

तिसरा आक्षेप कथांविषयीं. चौकाबरोबर हल्लीं कथाहि विकली जाते. मधला तांबडा तुकडा म्हणजे झोंपडींतील चूल, पिवळा म्हणजे खिडकींतील दिवा, ही त्यांतील गोड व निरुपद्रवी कथा. ती आजीनें नातीस खुशाल सांगावी. परंतु दुसरी एक कथा निरुपद्रवी नाहीं. गुलामगिरीच्या काळांत पळून जाणाऱ्यांना वाट दाखविण्यासाठीं क्विल्ट बाहेर वाळत टाकीत, आणि काळ्या मध्याचा लॉग कॅबिन म्हणजे 'येथें आसरा आहे' अशी खूण, असें सांगतात. १९९९ सालीं निघालेल्या एका पुस्तकानें एका कुटुंबाच्या मौखिक परंपरेवरून हा समज सर्वत्र पसरविला, आणि तो शाळांच्या वर्गांतूनहि शिरला. इतिहासकारांनीं त्याला पुराव्याची कसोटी लाविली, तेव्हां तो टिकला नाहीं. मुक्त झालेल्या गुलामांनीं लिहिलेल्या व सांगितलेल्या आत्मकथनांत या संकेतांचा उल्लेख आढळत नाहीं. आणि लॉग कॅबिनचा प्रसार अमेरिकेंत १८६० च्या दशकापासून पुढें झाला, तर गुलामगिरी कायद्यानें १८६५ मध्येंच संपली. जी खूण अजून घरोघर पोंचलीच नव्हती तिच्यावर जीव टांगून कोण पळेल?

कोणी म्हणेल, "सुंदर कथा आहे, असूं द्या." आम्ही असूं देणार नाहीं. हॅरिएट टबमनसारख्या स्त्रियांनीं खरोखर जीव धोक्यांत घालून माणसें बाहेर काढलीं. त्यांच्या धैर्याला कापडी संकेतांचा अलंकार नको. आणि ज्या अगणित स्त्रियांनीं चौक शिवले त्यांचीं नांवें बहुतांशीं नाहींशीं झालीं आहेत. त्यांच्यामागें उरलें आहे तें केवळ त्यांचें काम. तें काम वाचावयाचें तर टांके पाहावे, अस्तर पाहावें, कोणतें कापड कोठें संपलें व तेथें दुसरें कसें जोडलें तें पाहावें. खोटी कथा हें वाचन बंद करते. कारण कथा ऐकली कीं कापडाकडे कोणी पाहत नाहीं. नवशिक्याच्या हातीं आधीं कापड द्या. कथा पुराव्यासह मागाहून द्या.

आतां राहिला तो वाङ्मयाच्या अभिमान्यांचा प्रश्न: "साहित्याच्या मासिकांत शिवणकामाची चर्चा कशाला?" १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानें अमेरिकन क्विल्ट भिंतीवर टांगून प्रदर्शन भरविलें, तेव्हां रसिकांस एकाएकीं त्यांत आधुनिक चित्रकला दिसूं लागली. पुढें २००२ सालीं जीज बेंडच्या गोधड्याहि तेथें आल्या, आणि २००६ सालीं त्या अमेरिकेच्या टपालतिकिटांवरहि झळकल्या. मान मिळाला ही आनंदाची गोष्ट. परंतु शतकभर त्या अंथरुणावर होत्या तेव्हां त्यांत कला दिसली नाहीं, आणि भिंतीवर जातांच दिसली, याचा अर्थ काय? दोष वस्तूंत नव्हता, पाहणाराच्या नजरेंत होता. आमच्या घरांतूनहि तीच नजर आहे. घरांतील पुरुषमंडळी अमूर्त चित्रांवर व्याख्यान देतात, आणि त्यांच्या पायांवरच्या गोधडींत फिकें-गडद कसें साधलें आहे हें त्यांनीं जन्मांत पाहिलेलें नसतें. अशा नजरेची चिकित्सा करणें हें साहित्याच्या मासिकाचें काम नव्हे तर कोणाचें?

शेवटचा आक्षेप स्वाभिमान्यांचा: "आपल्या घरीं गोधडी असतां परक्यांची झोंपडी कशाला?" यावर आमचें उत्तर असें, कीं आम्हांस आमची गोधडी या परक्या झोंपडीनेंच दाखविली. लॉग कॅबिन मध्यापासून बाहेर वाढतो. गोव्यांत पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांपैकीं जे निसटून उत्तर कानड्याच्या रानांत गेले, त्यांच्या वंशांतील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात, ती कडेपासून सुरू होऊन धावदोऱ्याच्या वेढ्यांनीं मध्याकडे येते. एक घर आंतून बाहेर बांधतें, दुसरें कुंपणापासून आंत. हा भेद आम्हांस चौक उसवल्यानंतर दिसला. त्यापूर्वीं दोन्ही आमच्या दृष्टीनें चिंध्याच होत्या. एक हस्तविद्या प्रामाणिकपणें शिकली कीं दुसरीचें व्याकरण कळूं लागतें. नातवंडासाठीं आजीच्या लुगड्याचें दुपटें करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. मऊ कापड बाळाला बोंचत नाहीं हें शहाणपण तींत आहे. लॉग कॅबिन शिकणारी मुलगी ती चाल हंसण्यावारी नेणार नाहीं. उलट आजीला विचारील, हा टांका इतका सरळ कसा आला?

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. पहिला चौक घरांतल्या जुन्या कापडाचा करावा. मापें दुसऱ्याच्या आंकड्यांवरून न घेतां स्वतः मांडावीं. कापड मऊ असेल तर अस्तर घ्यावें. प्रत्येक वेढ्याअखेर मोजपट्टी लावावी, आणि जें जास्त दिसेल तें छाटण्यापूर्वीं तें जास्त कां झालें हें विचारावें. चुकलें तर उसवावें. एवढें करून चौक वांकडा आला तर येऊं द्यावा. तो आपला असेल, आणि दुसरा त्याहून सरळ येईल. कोणतें कापड कोणाचें, हें एका कागदावर लिहून ठेवावें. आम्हीं तें केलें नाहीं.

वहिनींना आम्हीं अस्तराची युक्ति सांगितली. त्यांचा विश्वास बसला नाहीं. पण गाठोडें कपाटाच्या तळांतून निघालें आहे. आईच्या लुगड्यांच्या पट्ट्या त्यांनीं पुन्हां कापल्या, या खेपेस काठाच्या उभ्या धाग्याला धरून. परवां गेलों तेव्हां पहिला वेढा पुरा झाला होता. मोजपट्टी लावून पाहिली. साडेचारांस एक रेघ कमी. आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्यांनींच चष्मा पुसला, सुई घेतली आणि शेवटची शिवण उसवावयास सुरुवात केली.